बिनकडीचा फोल्डर

लातूरच्या त्या शिकवणीवर्गात चार संगणक होते. ते एकमेकांना जोडलेले होते, बाहेरच्या जगाशी मात्र त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तशी खबरदारी रेणुकादास सरांनीच घेतली होती. नांदेडच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले सर तारेचे प्रत्येक टोक स्वतः तपासत. प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र फोल्डर, स्वतंत्र पासवर्ड. दुसऱ्याचे काही पाहायचे तर त्याची रीतसर परवानगी.

तरीही रविवारच्या चाचणीचा पेपर मंगळवारीच कुणीतरी उघडला; तोही अयोध्याच्या नावाने, ती वर्गात जीवशास्त्र शिकवत असताना.

"मी शनिवारी नांदेडहून येतो," संचालक मन्मथअप्पा फोनवर म्हणाले. "तोवर माणूस दाखवा, सर. नाहीतर बाईंना निरोप देऊ."

अयोध्याला नोकरी मिळाली होती ती सरांच्या शब्दावर. त्यांनी तिला बोलावून घेतले.

"तुझा पासवर्ड कुठे गेला?"

"काढला म्या, सर." ती ओशाळली. "आमच्या गावात भूकंपापासून कुणी कडी लावत न्हाई. न्हाणीलाबी न्हाई. पाव्हणे हसतेत."

पंधरा वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून काढले होते. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

सरांनी नवा पासवर्ड घातला. ती पडद्याकडे बघत राहिली.

"आत कुणी असंल तर?"

"आत तुझे बेडूक आहेत फक्त."

ती हसली, पण उशिरा.

बुधवारी दुपारी सरांनी नोंदवही उघडली. कोण कुठून आले, परवानगी मिळाली की नाही, हे संगणक तिथे आपोआप लिहीत असे. नकारांच्या ओळीच ओळी होत्या. 'कुठून' या रकान्यात चारपैकी एकाही संगणकाचे नाव नव्हते. तिथे अयोध्याचाच फोल्डर होता. नकार आत येणाऱ्याला नव्हता. बाहेर पडणाऱ्याला होता.

सरांनी संगणक एकमेकांना जोडणाऱ्या चारही तारा उपटल्या. ओळी पडतच राहिल्या. तीन सलग, मग खंड. पुन्हा तीन.

अयोध्याने ते पाहिले आणि खुर्चीची पाठ धरली.

"ढिगाऱ्याखाली आम्ही असंच वाजवत व्हतो, सर. तीनदा. मग कान लावायचा."

"अप्पांना हे डोळ्यांनी दिसले की तुझ्यावरचा आळ जाईल."

"काढा तो पासवर्ड. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"शनिवारपर्यंत," सर म्हणाले. आयुष्यभर त्यांनी पुराव्याला हात लावू दिला नव्हता.

गुरुवारी खंड लांबले. शुक्रवारी तिनांच्या जागी दोन आले. नंतर एकच.

अयोध्या मधल्या सुट्टीत दारात येऊन उभी राही.

शनिवारी सकाळी अप्पा आले. त्यांच्यासमोर एक ओळ पडली. तारा टेबलावर सुट्या पडलेल्या होत्या.

अप्पांनी चष्मा काढला. "बाईंचा यात काही दोष नाही," ते म्हणाले आणि घाईने बाहेर पडले.

सरांनी लगेच पासवर्ड काढला नाही. आधी नोंदवहीची प्रत छापली, सही केली, तारीख घातली. तेवढ्यात दुपार झाली.

मग काढला.

ते थांबले. अयोध्याही थांबली.

कुणीच बाहेर आले नाही.

सरांनी फोल्डर वापरणाऱ्यांची यादी उघडली. त्यात एक ओळ होती. नावाचा रकाना कोरा.

"काय लिवलंय, सर?"

सरांनी सवयीने रकान्यांप्रमाणे वाचून दाखवले. "वापरकर्ता एक. आत आहे. शेवटची हालचाल, दोन तास चाळीस मिनिटांपूर्वी."

वाचेपर्यंत एक्केचाळीस झाली होती.