कोंडाजीचं पान

ती फळी उद्या धरणावर न्यायची म्हणतोस, अबरार? ने की. मी कशाला अडवू? पडवीत उलटी पडून धूळ खाते आहे. दहा फुटी, रुंद, पिवळीधमक. पाण्यावर उभं राहायची, नवशिक्यांची आहे, कुणालाही पेलते. फक्त वीज गेलीच आहे आणि सारिकाही चहा घेऊन टेकली आहे, तर ती माझ्या पडवीत आली कशी तेवढं ऐक आणि मग खुशाल ने. आणि तो मोबाईलचा दिवा बंद कर आधी. डोळ्यांत जातो माझ्या.

माझा भाचा निलेश तुम्ही पाहिलाय. सरूबाईचा, माझ्या बहिणीचा मुलगा. वडगावला बाजाराला आला की इथं टेकतो, चार शब्द बोलतो आणि जातो. पूर्वी त्याचं तोंड बंद करता करता माणसाचा जीव जायचा. हे मी त्याच्याकडून एकदाच ऐकलं. पुन्हा विचारलं तर पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठून गेला.

त्यांचं गाव लोहगडवाडीच्या पलीकडे, खाली धरणाच्या काठाला. म्हणजे नवं गाव. जुनं पाण्याखाली आहे. सर्वपित्रीला दुपारी कावळ्याला घास घालतात तो सगळीकडे घालतात. ह्या गावात दिवेलागणीला आणखी एक पान निघतं. जे पितर जुन्या घरात नांदले त्यांना नव्या घराची वाट ठाऊक नाही, म्हणून आपणच जेवण त्यांच्या दारात न्यायचं. पत्रावळीवर खीर, वडा, भाजी, एक पणती. खाली केळीच्या खुंटाची चकती, म्हणजे तरंगतं. एकच माणूस सगळ्या घरांची पानं घेऊन जातो, जुन्या गावावर पोचला की एकेकाचं नाव घेऊन सोडतो आणि मागे न बघता परत येतो. एकही घर वगळायचं नाही. इथल्या कोर्टात एकमेकांवर दावे ठोकलेले लोक त्या दिवशी एकाच पाटीत पानं ठेवतात, बोला!

हा मान निलेशच्या बापाचा. ट्रकच्या ट्यूबवर बसून जायचा बिचारा. गुडघे गेले तसा निलेश धरून चालला, आता आपण. पोहण्यात तो वाघ होता. गावानंही तेच धरलं होतं.

आणि मग सत्यम परत आला.

सत्यम त्याचा चुलत चुलत भाऊ. दोघांचे आजे सख्खे भाऊ, वाटण्या कधीच झालेल्या. हा कोकणात समुद्रावर लाटांवर उभं राहायला शिकला, तिथंच शिकवायला लागला आणि दोन वर्षांनी ही फळी जीपच्या टपावर बांधून घरी आला. धरणाकाठी तंबू लावणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मोटारबोटीची लाट आली की हा उठून उभा. पुण्यामुंबईच्या पोरी व्हिडिओ काढायच्या. निलेश तिथंच तंबूचे खुंटे ठोकत असायचा. खुंटा ठोकताना हातोडा अंगठ्यावर बसायचा त्याचा, कारण बघायचा तिकडं. जळायचा, दुसरं काय! मला म्हणाला, "मामा, रातच्याला डोळं मिटलं की त्योच उभा दिसायचा. मी आपला पान्यात."

सत्यमला 'शिकव' म्हणायला जीभ रेटेना. म्हणून सत्यम लोकांना घेऊन गडावर गेला की हा एकटाच फळी काढायचा. गुडघ्यांवर बसायचा, उठायचा, पडायचा. ज्या पाण्यात लहानपणापासून खेळला त्याचीच भीती बसली. पोहताना पाणी आपल्या भोवती असतं. उभं राहिलं की ते खाली असतं, काळं, आणि त्याच्या खाली गाव. सत्यम पर्यटकांना सांगायचा ते ह्यानं चोरून ऐकलं होतं. "भ्या वाटलं तर खाली बघू नका. गुडघं सैल. श्वास सोडा. जिथं जायचं तिथं बघा." ह्याला सगळं पाठ. पण उभं राहता येईना.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी देवळात ठरलं, औंदा पानं सत्यम नेईल. उभ्यानं जातो, पानं भिजत नाहीत. निलेशनं बापाकडं पाहिलं. बाप म्हणाला, "बरोबर हाय. त्यालाच जाऊ द्या."

सगळ्या गावापेक्षा तो एक शब्द त्याला जास्त लागला.

गेल्या सालची सर्वपित्री. एकवीस सप्टेंबर, रविवार. सरूबाईनं निलेशला सांगितलं, घरोघरची पानं गोळा करून काठावर नेऊन ठेव. त्यानं नेली. सत्यम पाहुण्यांना लोणावळा स्टेशनवर सोडायला गेला होता आणि रविवारच्या गर्दीत अडकला होता. दिवस बुडाला. काठावर निलेश, पानांची पाटी आणि वल्ह्यासकट ही फळी.

त्यानं पाटी फळीवर ठेवली. मग त्यातलं एक पान उचललं. सत्यमच्या घरचं, त्याच्या आज्याचं, कोंडाजीचं. बोटींच्या छपराखाली पालथ्या बादलीखाली झाकून ठेवलं. मनात म्हणाला, ह्याच्या घरचं ह्यानंच न्यावं. बघू किती उभ्यानं नेतो.

कोंडाजी कोण ते सांगतो. धरणाचं पाणी चढत होतं तेव्हा घराचे वासे सोडवताना त्याच्या पायावर कुऱ्हाड पडली. उजव्या पायाचा अंगठा तिथंच गेला. पुढं म्हातारा होऊन नव्या घरात मेला, सत्यम जन्मायच्या आधी. पण लंगडताना म्हणायचा, "माजं थोडं खाली ऱ्हायलंय."

निलेश निघाला. गुडघ्यांवर बसून, वल्हं मारत. लोहगडाची सोंड, विंचूकाटा, आणि समोरची टेकडी एका रेषेत आली की खाली गाव, हे बापानं शिकवलेलं. उजेड जाता जाता ती रेष जुळली. एकेक पणती लावली, एकेक नाव घेतलं. पानं पाण्यावर पसरली. वारा नव्हता. ज्योती सरळ.

पाटी रिकामी झाली. परत फिरायचं. पण त्याच्या मनात आलं, आता नाही तर कधी? तो उठला. खाली बघू नको... गुडघे सैल... श्वास सोडला...

आणि उभा राहिला.

पोरांनो, इतका आनंद त्याला लग्नातही झाला नाही. काठाकडं तोंड करून उभा. आता बघा म्हणावं! पण बघायला कुणीच नव्हतं.

तेव्हा मागे पाण्यात बारीक आवाज झाला.

मागे बघायचं नसतं. त्यानं कडेनं नजर टाकली. एक पणती विझली होती. पान पालथं पडलं होतं.

मासा असेल.

दुसरं पान पालथं झालं. मग तिसरं. कुणी खात नव्हतं. नुसतं पालथं घालत होतं. आपल्याला वाढलं नाही म्हणून पंगतीत शेजारच्याचं ताट उलथणारं पोर असतं ना... तसं.

एकेक पणती जवळ जवळ येत विझत गेली.

शेवटची विझली.

अंधार. अमावस्येचा.

आणि फळीची मागची बाजू खाली बसली.

हळूच. कुणी आधी एक पाय ठेवावा... मग दुसरा.

पुढचं टोक वर उचललं गेलं. निलेश पडायला हवा होता. पडला नाही. मागून कुणीतरी तोल धरला होता. मानेवर गार... ओलं... आणि खिरीचा वास नाही, गाळाचा वास.

खाली बघू नको. गुडघे सैल. श्वास... श्वास सुटेचना.



मग त्याला कळलं. कुणाचं पान राहिलं ते. समोर बघतच तो कसाबसा बोलला, "कोंडाजी आजा... तुमचं पान काठाव हाय. म्याच ठिवलं. म्याच... झाकून."



फळी चालू लागली. वल्हं त्याच्या हातात तसंच होतं, कोरडं.

काठावर टॉर्च दिसली. सत्यम आला होता. फळी वाळूला टेकली तसा मागचा भार उतरला. निलेश धावला, बादली उचलली, पान आणलं, गुडघाभर पाण्यात जाऊन नाव घेऊन सोडलं. पणती लावायचं राहूनच गेलं. ते पान अंधारात सरळ आत गेलं. वारा नसताना.

निलेश वाळूत बसला आणि रडत सगळं सांगून टाकलं. तुझा हेवा केला, तुझ्या आज्याला उपाशी ठेवला, मार मला. सत्यम ऐकतच नव्हता. टॉर्च पाण्याकडं धरून उभा.

"दादा, तुज्या मागं म्हातारा उभा व्हता. तुज्या खांद्याव हात ठिवून."

"सत्या, घरी चल."

"माजा आजा त्यो. मी रोज जातुया त्या पान्याव. माज्या मागं कवाच न्हाई उभा ऱ्हायला."

निलेश मला म्हणाला, "मामा, त्याच्या डोळ्यांत भ्या नव्हतं. मी ज्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघायचो, तेच डोळं व्हते ते."

त्यानंतर सत्यम पर्यटकांना शिकवेनासा झाला. रोज तिन्हीसांजेला एकटा आत जायचा, पुढच्या बाजूला उभा राहायचा आणि मागची जागा मोकळी ठेवायचा. अंधार पडला तरी यायचा नाही. एकदा पहाटे निलेशनं त्याला ओढून काढला, अंगात ताप. दिवाळीनंतर त्याची आई, झुंबरबाई, फळी टेम्पोत घालून इथं आली. "भाऊ, ही पान्यापासनं लांब ठिवा. म्हाताऱ्यानं त्याला बोलिवलं न्हाई म्हनून पोरगं झुरतंय. बोलिवलं तर मी काय करू?" मी फळी तेवढी ठेवून घेतली.

आता एवढंच. ह्या फळीवर वरून मेण चोळतात, पाय घसरू नये म्हणून. उभं राहिलं की मेणात पावलं उमटतात. शिमग्याला मी स्वतः जुनं मेण खरवडलं आणि नवं चोळलं, वाटलं, कुणी तरी वापरेल. तेव्हापासून ती उलटीच आहे; मी एकदा तेवढी उचलून पाहिली. पाण्यात गेलेली नाही. कुणी वर चढलेलं नाही.

जा. सुलटी कर. आता लाव तुझा दिवा.

मागच्या टोकाकडं बघ. आहेत ना दोन पावलं? डाव्याची पाचही बोटं मोज. आता उजवा पाय बघ... अंगठा आहे?

बोल ना, अबरार.

"न्हाई, आबा. पन पुढं... पुढं काहीच उमटलं न्हाई."

तेच म्हणतो मी. पुढची जागा म्हाताऱ्यानं मोकळी ठेवली आहे.