कुंदनला काय सांगायचं

शेकोटीत अजून दोन तुराट्या टाका. विहिरीवरल्या मोटारीची लाईट बाराच्या आत काही येत न्हाई, तवर सांगतो. फक्त मधी कुणी उठायचं न्हाई. आपला कल्याण, जीपवाला, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट हाये. त्यानं ती एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढला की उठून जातो.

सन चोवीस सरत आल्तं. एकोणतीस डिसेंबर, रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या. कल्याणला त्या दिवशी एकच काम होतं. पुंजाराम काकाला जाफराबादला सांडू फौजीच्या घरी न्यायचं अन् संध्याकाळच्या आत माघारी आणायचं.

पुंजाराम म्हणजे कल्याणचा सख्खा चुलता. जवानीत मिल्ट्रीत वायरलेसवर होता. मुलूख लय फिरला, पण बोलायचा तो एकाच जागेबद्दल. अंदमानच्याबी खाली, भर समुद्रात एक बेट. तिथं हे सहा जवान, एक वायरलेसचा खांब, बाकी निस्तं जंगल. रोज पाऊस. बूट आठवड्यात बुरशीनं हिरवे व्हायचे. नारळ खाऊन खाऊन इतका वीट आला की पुढं जन्मभर घरात नारळ फुटला तरी हा उठून अंगणात जायचा. तीन महिन्याला रेशनाची बोट यायची. "लांबून धूर दिसला की आम्ही दाढीमिशीवाले गडी लेकरावाणी नाचायचो," असं सांगायचा अन् तिथंच थांबायचा. त्याच्या पुढं काय, ते कुणालाच ठाऊक न्हाई.

दोन वर्षांपासून त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी शेताची वाट विसरला, मंग लेकीचं नाव. जालन्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्त्या, म्हणला, हे वाढतच जाणार. दैवशाला काकूनं तेबी पचवलं. तिची भीती निराळीच होती. शनिवारी ती कल्याणच्या घरी आली अन् उंबऱ्यातच बसली.

"लग्न झाल्यापासून बघून राह्यले मी," काकू म्हणाली. "अमावस्या जवळ आली की हे रात्री उठतात. दारापाशी जातात. कडी न काढताच आतून बोलतात, 'कल आयेगी, भाई. कल.' एवढंच. मंग येऊन झोपतात. मला वाटायचं, झोपेतली बडबड असंल."

"मंग आता काय झालं?"

"मागल्या अमावस्येला दारापाशी गेले अन् बोलेचनात. लय वेळ उभे. मंग माझ्याकडं वळून म्हणले, 'काय सांगायचं असतं गं त्याला?'"

कल्याणनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"हात कडीवर होता यांचा," काकू म्हणाली. "सांडूभाऊजी तिथं संगं होते. त्यांना ठाऊक असंल काहीतरी. तू घेऊन जाय यांना."

तर असं ते काम. रविवारी सकाळी निघाले. अंबड, जालना, राजूर करत दुपारपर्यंत जाफराबादला पोचले. रस्त्यानं काकानं कल्याणला तीनचारदा विचारलं, तू कोणाचा रे? पण सांडूला बाजेवर बसलेला पाह्यला अन् म्हाताऱ्यानं लांबूनच सलाम ठोकला. नावानं हाक मारली. मंग दोघं एकमेकांचा हात धरून बसले. खेकडे रात्री चुलीत कसे शिरायचे, पावसात वायरलेस कसा बोंबलायचा, कोण भात करपवायचा, सगळं बराबर. कल्याणनं कित्येक महिन्यांत काकाला इतकं धड बोलताना ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, आपलं काम झालं.

काकाचा डोळा लागला तसं सांडूनं कल्याणला गोठ्यामागं नेलं.

"पुंजा दाराशी उठतो का रात्री?"

कल्याणनं सगळं सांगितलं. कडीवरचा हात सांगितला तेव्हा सांडूचं तोंड उतरलं.

"आमच्यात कुंदन नावाचं पोरगं होतं," सांडू म्हणाला. "गढवालचं, डोंगरातलं. विशीबाविशीचं असंल. गोड्या पाण्याचा झरा बेटाच्या पल्याड होता. पाळीपाळीनं पाणी आणायचो. त्या दिवशी त्याची पाळी. तो तिकडं गेला अन् इकडं वायरलेसवर निरोप आला, तुफान येऊन राह्यलंय, बोट पाठवलीय, निघा. बोट आली. पण लाटा अशा, की बोट किनाऱ्याला ठरंना. बोटीवरच्या साहेबानं थांबवता आली तेवढी थांबवली. आम्ही शिट्ट्या मारल्या, हवेत बार काढले. तुझा काका कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बोंबलत होता. 'कुंदन, बोट आ गयी.' अन् जंगलातून जवाब आला. 'आया, भाई.' आम्ही सगळ्यांनी ऐकला. लांबून न्हाई, अगदी काठाजवळून. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. आया, भाई. आता निघंल, मंग निघंल..."

सांडूनं गोठ्याची मेढ धरली.

"न्हाई निघाला. साहेबानं तुझ्या काकाला मानगूट धरून बोटीत ओढलं. तुफान सरल्यावर परत गेलो. सगळं बेट पालथं घातलं. त्याचा पाण्याचा कॅनबी सापडला न्हाई."

"अन् तो... येतो?"

"येतो. आम्हां पाचीजणांकडं यायचा. राग न्हाई, काही न्हाई. बिचारा विचारतो, बोट आयी क्या? आपण म्हणायचं, कल आयेगी. मंग जातो. 'आली' म्हणायचं न्हाई. आमच्यातला एकजण म्हणला. सकाळी तो न्हाई राह्यला. दुसराबी तसाच गेला. तिसऱ्याचंबी तेच झालं. आता मी अन् पुंजाच."

"यातून सुटका कशी व्हायची, काका?"

"सुटका कशाची रे. जीव हाये तवर 'कल' म्हणायचं. पुढचं कुणाला ठाऊक." सांडूनं कल्याणच्या खांद्यावर हात ठेवला. "आज मुक्काम करा. उद्या अमावस्या हाये."

पण कल्याणनं सोमवतीसाठी गावातल्या बायकांना गंगेवर, म्हंजे गोदावरीवर, न्यायचं कबूल केल्तं. पहाटं निघायचं होतं. त्यात ह्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, दिवसा उजेडी ऐकलेल्या. तो न्हाई म्हणला. काका उठायला अन् निघायला तयार होईना, त्यात दिवस मावळला. निघताना सांडू जीपच्या खिडकीशी आला. त्यानं काकाच्या गालावरून हात फिरवला.

"पुंजा, काय सांगायचं?"

काका नुस्ता बघत राह्यला.

"कल आयेगी," सांडू म्हणला. "म्हण."

"कल आयेगी."

रस्ताभर कल्याणनं तेच केलं. शाळेतल्या पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तसं. काका, काय सांगायचं? कल आयेगी. दहापैकी सातआठदा बराबर यायचं. मधीच काका म्हणायचा, "कुणाला?" मंग पुन्हा पहिल्यापासून.

राजूर मागं पडलं. कापसाच्या ट्रका होत्या तवर बरं होतं. मंग त्याबी सरल्या. दोन्ही अंगाला काळं रान. थंडी अशी, की कल्याणनं काचा बंद करून वर कानाला मफलर बांधलेला.

अन् त्याला घाम फुटला.

भीतीचा न्हाई. उकडत होतं. डिसेंबरच्या रात्री, रानात, अंगाला कपडे चिकटायला लागले. त्यानं मफलर सोडला. समोरच्या काचंवर वाफ धरली. हातानं आतून पुसली तर जाईना. वायपर मारला, तर गेली.

वाफ काचंच्या बाहेरून होती.

"काका," कल्याण म्हणला. "काय सांगायचं?"

काका सरळ होऊन बसला होता. दोन वर्षांत बसला नव्हता तसा. पाठ ताठ.

लाईटीच्या उजेडात रस्त्याच्या कडंला एक सवारी दिसली. हात केलेला. आता जीपवाल्याचा पाय कसा असतो, सवारीनं हात केला की ब्रेकवर जातो. डोक्याला विचारत न्हाई. कल्याणचा पाय गेला. गाडी थांबली. थांबल्यावर त्याला कळलं.

पोरगं होतं. बनियन, अर्धी चड्डी. पायात काही न्हाई. एका हातात कॅन.

ते काकाच्या बाजूला आलं. कल्याणकडं त्यानं बघितलंबी न्हाई. काच बंद होती, तरी आवाज आत आला. साधा. दमलेला.

"भाई... बोट आयी क्या?"

कल्याणनं काकाच्या मांडीवर हात ठेवला. मांडी थरथरत नव्हती. त्यानं सगळा जोर लावून तोंड उघडलं.

"काका... कल. कल आयेगी म्हणा."

काका त्याच्याकडं वळला. डोळे स्वच्छ. कल्याण म्हणतो, ते डोळे इसरलेल्या माणसाचे नव्हतेच.

"कल्याण," काकानं त्याला नावानं हाक मारली. "किती दिवस सांगायचं रे असं त्याला?"

"काका, नको..."

"कवाचं पोरगं उभं हाये."

मंग काचंकडं तोंड केलं.

"आ गयी, कुंदन."

बाहेर काहीच हललं न्हाई.

"आ गयी. चल."

काकानं दार उघडलं. कल्याणनं त्याची बाही धरली. घट्ट धरली. त्याच्या मुठीत बाही होती... मंग नव्हती. दोघं रस्त्याच्या कडंनं खाली उतरले. कपाशीत शिरले. पोरगं पुढं. काका मागं, त्याच्या हातातला कॅन आता काकाच्या हातात.

कल्याण उतरला. मोबाईलची बॅटरी लावली. कपाशी. निस्ती कपाशी. एक बोंड हलत नव्हतं.

"काका."

"आलो रे," आवाज आला. जवळूनच. कपाशीच्या चार ओळींच्या पल्याड असंल, इतका जवळ.

कल्याण तिकडं धावला. न्हाई.

"काका..."

"आलो."

आता डाव्या अंगाला. तो तिकडं गेला. तिथंबी न्हाई. मंग तो तिथंच उभा राह्यला अन् हाका मारत राह्यला. जवाब यायचा. आलो, आलो रे. आता निघंल, मंग निघंल.

मंग जवाब बंद झाला.

थंडी परत आली. दात वाजायला लागले.

कुणाचंतरी कुत्रं भुकलं, तवा वस्तीवरची माणसं जागी झाली. बॅटऱ्या घेऊन आली. कल्याणनं सांगितलं, म्हातारा डोक्यानं अधू हाये, गाडीतून उतरून गेला. बाकी काही सांगितलं न्हाई. सगळं रान धुंडाळलं. विहिरीत गळ टाकून बघितला. झुंजूमुंजू व्हायला लागलं तवा वस्तीवरच्या एकानं हाक मारली. बांधावर बाभळीखाली कुणीतरी बसलंय.

कल्याण पळत गेला. बाभळीच्या खोडाला टेकून एक म्हातारा बसला होता. गुडघे पोटाशी. तोंड रानाकडं, डोळे उघडे, लांब कुठंतरी लावलेले. कधीच गार झाल्ता.

"हे आमचे काका न्हाईत," कल्याण म्हणला. "हा दुसराच कुणी."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कारण त्या शिवारात दुसरा कुणी म्हातारा हरवला नव्हता. मंग कल्याण खाली बसला. बघत राह्यला. डोळ्यावरून ओळखलं. अन् हुंदका आला तो थांबंना.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हार्ट बंद पडलं म्हणून लिहिलं. दुपारी गावात आणलं. कल्याणच्या गाडीची वाट बघून बायका गंगेवर दुसऱ्या गाडीनं गेल्त्या. अंगणात थोडीच माणसं होती. काकूला धरून आणली. कल्याणनं तिला रानातलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? तिनं तोंडावरचं कापड बाजूला केलं.

ती रडली न्हाई.

"ह्यांचा हात कापतो," ती हळूच म्हणाली. "म्हणून मीच करते. काल सकाळी निघताना... मीच केल्ती ह्यांची दाढी. गुळगुळीत."



काकूनं हात पुढं केला. बोटं घातली, ती गुंत्यात अडकली. तिनं हळूहळू सोडवली. पांढरी, राठ, कितीक महिने वस्तरा न लागलेली दाढी. छातीपर्यंत आल्ती.