तळहातावरचं उल्लंघन

वंशवाचकाच्या काचेवर हात ठेवायला सांगितलं, तेव्हा कौतिकबाईंनी आधी ती काच पदराने पुसून घेतली.

"जिजी, यंत्र आहे ते," सून प्रतिभा कुजबुजली.

"मग यंत्रावर धूळ बसत नाही होय?"

समोर कंपनीचे वकील तळवलकर बसले होते. त्यांच्या शेजारी, आईकडे न बघता, हेमांगी. कौतिकबाईंची पोटची लेक आणि कंपनीची मुख्य जंतुशास्त्रज्ञ. गव्हाचा चीक एका रात्रीत आंबवणारा जंतू तिच्या प्रयोगशाळेत निघाला होता, कंपनीने त्याचं पेटंट घेतलं होतं, आणि आता तोच जंतू एरंडोलच्या कौतिकबाईंच्या कुरडयांत सापडला होता. कुरडयांत तो येत होता कौतिकबाईंच्या तळहातांवरून. बाजारातून कंपनीच्या जंतूची पुडी आणून त्यांनी तो वाढवला, असा आरोप होता. तो सिद्ध झाला तर सगळ्या बेकायदा प्रती नष्ट करायच्या, असा कायदा. म्हणजे बाईंचे हात किरणांखाली धरायचे आणि कातडीवरची ती सगळी वस्ती जाळायची. मग त्यांच्या हातचा चीक आणि बाजारचा चीक यांत फरक तो काय राहणार?

"हक्काचं उल्लंघन झालंय, एवढंच आमचं म्हणणं," तळवलकर म्हणाले.

"आम्ही दसऱ्याला गावाच्या वेशीबाहेर जाऊन सीमोल्लंघन करतो. त्याला कोणी वकील लावत नाही," कौतिकबाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही सांगा. हा शब्द आहे तरी काय?"

ही तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मुजावर यांना हसू आलं. "शब्द तोच, बाई. उल्लंघन म्हणजे ओलांडून पलीकडे जाणं. याला इंग्रजी कायद्यात जो शब्द आहे तो लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ मोडणं."

"ओलांडायला आधी कुंपण पाहिजे, मोडायला आधी वस्तू पाहिजे. यांनी कुंपण घातलं तेव्हा आत कोण उभं होतं, ते कोणी बघितलं का?"

"तेच बघतोय. जंतू स्वतःची नक्कल काढत वाढतो. नक्कल करताना मधूनच एखादी चूक होते आणि ती पुढच्या पिढ्यांत उतरत जाते. त्यामुळे आईतल्या चुका लेकीत सापडतात, पण लेकीच्या नव्या चुका आईत सापडत नाहीत. दोन जंतूंतला कोण कोणाचा, हे यंत्र त्यावरून वाचतं."

"हे कळायला यंत्र लागतं तुम्हाला," कौतिकबाई म्हणाल्या आणि लेकीकडे बघितलं.

हेमांगीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "माझा जंतू माझ्या बशीत तयार झालाय. त्यात घरचं काही नाही. आपल्याकडे हात फक्त सुनांना देतात. मी मागितला होता, तर लेक परक्या घरची म्हणून तू नाही म्हणालीस."

ते खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या चिकाला सासू नव्या सुनेचे हात आपल्या हातांत घेऊन पातेल्यात घालायची. त्यालाच 'हात देणं' म्हणत. प्रतिभाला तो मिळाला होता. हेमांगी तेव्हा दारात उभी होती, आणि त्यानंतर ती घरी फारशी आली नव्हती.

पडद्यावर वंशवृक्ष उमटला. मुजावरांनी तो दोनदा तपासला.

"बाईंच्या जंतूतल्या सगळ्या चुका कंपनीच्या जंतूत आहेत. वर त्याच्या स्वतःच्या काही नव्या. बाईंचा आधीचा आहे. कंपनीचा त्यातून निघालाय."

"म्हणजे घरातून उचलून आणला?" तळवलकर चटकन हेमांगीपासून सरकून बसले. पक्षकार बदलायला त्यांना तेवढाच वेळ लागला.

हेमांगीचा चेहरा पांढराफटक पडला. कौतिकबाईंना ते बघवेना. "माझी लेक हट्टी आहे, चोर नाही," त्या म्हणाल्या.

"फाटा फार जुना आहे," मुजावर विचार करत म्हणाले. "तेव्हा तुमची कंपनीही नव्हती. ताई, जरा तुमचा हात ठेवा."

हेमांगीने हात ठेवला. वृक्षावर, आईचा जंतू आणि कंपनीचा जंतू यांच्या बरोबर मधे, तिसरा ठिपका उमटला.

बशीत सापडलेली ती नवी जात हेमांगीच्याच बोटांवरून पडली होती.

"पण मला हात दिलाच नव्हता," ती पुटपुटली.

"तुला न्हाऊ घातलं, भरवलं, तेव्हा मी काय हातमोजे घातले होते?" कौतिकबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कडक होता, फक्त शेवटी थोडा चिरला. "मी नाही म्हणायच्या आधीच तो तुझ्याकडे गेला होता. मलाच अक्कल नव्हती."

तळवलकरांनी कागद गोळा केले. मुळात नवं नसलेल्या वस्तूवर पेटंट टिकत नव्हतं, आणि प्रती नष्ट करायच्याच झाल्या तर पहिला हात त्यांच्या मुख्य शास्त्रज्ञाचा होता. "दावा मागे घेतो," ते म्हणाले.

प्रतिभाने सुस्कारा सोडला. कौतिकबाईंनी आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले, जसे काही ते कोणी उसने नेऊन परत आणून दिले होते. मग त्यांनी लेकीचा हात ओढून नाकाशी नेला.

"साबणाचा वास येतोय नुसता. परवा गहू भिजवणार आहे, ये घरी. आणि कुरडई वातड झाली तर हाताला दोष देऊ नकोस, हात माझा आहे."