आता तुमचं इथं काय काम?

नऊ नंबरच्या खाटेपाशी सिस्टर आणि तरुण डॉक्टर दोघं एकाच वेळी पोहोचले. तिच्या हातात ड्रेसिंगचा ट्रे, त्याच्याही हातात ड्रेसिंगचा ट्रे. खाटेवरच्या आजोबांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं.

"दुखरा पाय एकच आहे हो माझा. ड्रेसिंग नक्की कोण करणार?"

"मी!" दोघं एकदम म्हणाले, आणि मग कुणालाच हसू आवरेना. आता हसणं म्हणजे काही प्रेम नव्हे. पण सुरुवात म्हणून वाईटही नव्हे.

त्या वॉर्डात जखमा बांधायचं काम डॉक्टरांचं. ते ओपीडीत अडकले की पेशंट दुपारपर्यंत ताटकळायचे. सिस्टरचा जीव तळमळायचा. म्हणून आज तिनं मेट्रनबाईंच्या मागे लागून परवानगी मिळवली, तर नेमके आजच डॉक्टर वेळेवर उगवले!

"दोघं बसा आणि कामं एकदाची वाटून घ्या," मेट्रनबाईंनी फर्मावलं.

मग रोज जेवणानंतर ड्यूटीरूममध्ये चहाचे दोन कप आणि घासाघीस.

"सलाईन लावणं?" ती विचारायची.

"तुमचं."

"औषधाचा डोस बदलणं?"

"ते माझं. तिथं लाडीगोडी चालणार नाही."

"लाडीगोडी कोण करतंय?" ती म्हणाली खरी... पण गाल गरम झाले. "आणि तुमचा तो डावा बूट दुरुस्त करा आधी. केवढा कुरकुरतो! अख्खा वॉर्ड जागा होतो."

"अख्खा वॉर्ड? की...?"

ती चहात साखर ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

शेवटी उरलं ड्रेसिंग. ते मागायचं तिच्या जिवावर आलं. सकाळी तो वॉर्डात यायचा तो तेवढ्याच कामाला. राउंड मोठे डॉक्टर घ्यायचे. ते काम गेलं, तर तो बूट कुरकुरणार कशाला? पण दुपारपर्यंत वाट बघणारे आजोबा तिच्या डोळ्यांपुढे आले.

"ड्रेसिंग आम्हाला द्या," ती म्हणाली.

त्यानं भरलेला कप खाली ठेवला. "दिलं."

"इतक्या सहज?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," एवढंच बोलून तो उठला. चहा तसाच राहिला. ती जिंकली होती, आणि तिला रडू येत होतं.

सोमवारी नवा नियम लागू झाला. नाश्त्याच्या आधीच सगळ्यांच्या पट्ट्या बदलून झाल्या. वॉर्ड खुशीत होता.

"पोरी, तुझ्या मनासारखं झालं ना? मग चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा का?" आजोबांनी विचारलं.

तेवढ्यात... कुर्र, कुर्र. दारात तो. ना ट्रे, ना स्टेथोस्कोप. मोकळ्या हातांचं काय करावं हेच त्याला कळत नव्हतं.

"डॉक्टर, आता तुमचं इथं काय काम?" तिचा आवाज उगाच चढला.

"काहीच नाही," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते. "इतके दिवस ड्रेसिंगच्या आडून येत होतो. आता आड काही उरलं नाही, म्हणून... सरळ तुमच्यासाठी आलोय. तुम्ही मला फार आवडता. येत जाऊ?"

आजोबा उशीवरून अर्धे उठून बसले.

"अगं, बोल की!"

तिनं डोळे पुसले, हसली, आणि अगदी सिस्टरच्या आवाजात म्हणाली, "रोज यायचं. खाडा चालणार नाही. आणि खबरदार, तो बूट दुरुस्त केलात तर!"