ओ न दिलेला कुकारा

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना टिंगल करायची असेल त्यांनी खुशाल करावी. पण आधी भर श्रावणात आंबेनळी घाटाखालच्या एखाद्या वाडीत एक दुपार काढावी, आणि मग करावी.

साल १९३४. श्रावणातला सोमवार.

रात्र नव्हे. दुपार.

वाडी म्हणजे कड्याच्या कुशीतली मूठभर घरं. घाटरस्ता सोडून वाडीत उतरायला एकच पायवाट, तीही कड्याच्या काठाने. पावसाळ्यात धुकं असं उतरायचं की स्वतःचा पाय स्वतःला दिसू नये. म्हणून तिथली एक रीत होती. उतरणाऱ्याने वरूनच कुकारा घालायचा, आणि वाडीतून कुणीतरी ओ द्यायची. ओ ज्या अंगाने येईल त्या अंगाला पाऊल टाकायचं. ओ आली नाही तर नुसत्या अंदाजाने चालायचं, आणि तिथे अंदाज चुकला की माणूस संपला. त्यामुळे हातातला घास टाकून बायका ओ द्यायला उठायच्या. ज्याच्याशी बांधावरून डोकी फुटलीत त्यालाही ओ द्यायची.

सोनबाचा थोरला मुलगा भिकू महाबळेश्वरला हंगामात साहेबलोकांच्या डोल्या वाहायचा. वाडीतला हैबती त्याचा जोडीदार. आदल्या उन्हाळ्यात एका गोऱ्या साहेबाने दोघांना हेरलं. त्याला डोंगर चढायचं वेड होतं. हिमालयातलं कुठलंसं शिखर पायाखाली घालायचं होतं. कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. ही घाटातली माणसं, ओझं घेऊन कुठेही चढतील, असा त्याचा हिशेब. आंबेनळी आणि हिमालय त्याच्या लेखी सारखेच!

भिकू खिळ्यांचे बूट मिळणार म्हणून हरखला होता. भातकापणीला परत येतो, असं बायकोला, आवडीला, सांगून गेला.

दिवाळीच्या तोंडाला हैबती एकटाच आला.

पायाची बोटं काळी पडून गळालेली. म्हणाला, भिकू बर्फात राहिला. गेला बिचारा.

साहेब शिखरावर पोचला नाही ते नाहीच. पण तो धडधाकट आपल्या देशी परतला, हेही हैबतीनेच सांगितलं.

मढं नव्हतं. मग पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. आवडीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दहाव्याला पिंड मांडला...

कावळा शिवला नाही.

समोरच्या झाडावर कावळे बसले होते. एकही खाली उतरला नाही. शेवटी पोलादपूरच्या भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि ते मोकळे झाले. आवडी सासऱ्याच्या पाया पडून सांगत होती की त्याला मेलेलं कुणी बघितलं नाही, निदान वर्षभर तरी वाट बघा. तिचं कोण ऐकतो? नवऱ्यामागे खुळावली, म्हणाले.

आणि मग तो सोमवार आला.

सकाळपासून धुकं. सोनबाचा धाकटा मुलगा सयाजी वरच्या शेतात गेला होता. घरात सोनबा, त्याची बायको साळूबाई आणि आवडी. पाऊस थांबला होता. पागोळ्याही थांबल्या होत्या. कोंबड्या कधीच्या गप्प झाल्या होत्या.

आणि वरून कुकारा आला...

आवडीच्या हातातलं सूप खाली पडलं.

भिकूचा कुकारा शेवटी तुटायचा, जणू मध्येच दम संपलाय. वाडीत तसा दुसऱ्या कुणाचा नव्हता. हा तसाच होता. फक्त आवाज घोगरा, खरवडल्यासारखा.

तिघांनीही ओळखला.

आवडी दाराकडे धावली. तिने तोंड उघडलं, आणि साळूबाईने मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. म्हातारीच्या अंगात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे.

"ओ देऊ नको गो," ती कानात म्हणाली. "त्याचं दिस घातलं आपण. तो आता आपला नाय. एक गेला माजा, आता दुसऱ्याला न्यायला आलाय."

सयाजी वर धुक्यात होता. म्हातारीचा जीव त्याच्यापायी टांगणीला लागला होता. ज्याचं क्रियाकर्म झालंय त्याला ओ दिली तर तो घरातलं माणूस घेऊन जातो, हे तिथलं पोरही सांगेल. सोनबाने उठून दाराला अडसर घातला.

पुन्हा कुकारा आला...

या वेळी जवळून.

शेजारपाजारच्या घरांतूनही कुणी ओ दिली नाही. सगळ्यांनीच आवाज ओळखला होता. सगळी वाडी दारं लावून बसली होती.

मग जरा उजवीकडून आला. उजवीकडे वाट नव्हती. उजवीकडे कडा होता.

आवडी सासूच्या हाताला चावली. रक्त आलं, पण म्हातारीने हात काढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आवडीचं तोंड आणखी घट्ट दाबत होती. पोटच्या पोराचा आवाज ऐकून आईने असं करावं, यापरतं वाईट काय असेल!

आणखी एकदा आला. खूप उजवीकडून. शेवटी तुटला...

त्यानंतर काही नाही.

दगड सुटल्याचाही आवाज आला नाही.

थोड्या वेळाने सयाजी सुखरूप परतला. त्याने कुकारा ऐकलाच नव्हता. वरच्या वाटेवर असूनही.

दुसऱ्या दिवशी धुकं फाटलं. माणसं दोर लावून कड्याखाली उतरली. काहीच नव्हतं. ना मढं, ना चिंधी. वर एकही गिधाड फिरत नव्हतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भूतच होतं, म्हणाले. बरं झालं ओ दिली नाही.

आवडी मात्र तडक हैबतीच्या दारात गेली.

"भावजी, तुम्ही त्यांना मेलेलं बघितलं का? खरं सांगा."

 हैबती खाली बघत सांगायला लागला. बर्फात धुकं उतरलं होतं. भिकू मागे पडला होता. मागून त्याचे कुकारे येत होते. पण तिथल्या वाटाड्याने आधीच ताकीद दिली होती की कुणी आवाज काढायचा नाही, आवाजाने वरचा बर्फ सुटतो आणि सगळे गाडले जातात. साहेबाने तर हैबतीच्या तोंडावर हातमोजा धरला होता.

"मी ओ नाय दिली," हैबती म्हणाला. "कुकारे यायचे थांबले. म्हणून मेला म्हणालो."

 आवडी तशीच वळून घरी आली.

त्याच आठवड्यात घाटमाथ्यावरचा दुकानदार गोमाजी पोलादपूरच्या बाजाराला जाताना सोनबाकडे टेकला. सोमवारी तुमच्याकडे कोण पाहुणा आला, म्हणून सहज चौकशी केली. काठी टेकत आलेला, तोंड कांबळ्यात गुंडाळलेलं, सोनबाकडे उतरतो म्हणालेला. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. आवाज बसलेला. गोमाजीने त्याला चहा दिला, पण तो कप नुसता हातात धरून बसला. प्यायला नाही. कप परत घेतला तेव्हा...

चहा बर्फासारखा गार झालेला.

"मी म्हणालो, बाबा, धुकं दाट हाय, ऱ्हा इथंच आजच्याला," गोमाजी सांगत होता. "तर हसला. म्हणाला, धुक्याला काय भ्यायचं? मी कुकारा घालीन, आई ओ देईल."

साळूबाई उठून आत गेली. त्या दिवसापासून म्हातारी कुणाशी बोलली नाही.

सोनबा अजूनही म्हणत होता की भूतच ते, चहाचं ऐकलंत ना. आवडीने ते ऐकून घेतलं. मग ती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदरही तिने सावरला नाही.

"मामा, मला एवढंच सांगा. मी रांडव कवा झाले? तवा बर्फात, का परवा सोमवारी?"

सोनबाने तोंड फिरवलं. त्या प्रश्नाला वाडीत आजवर कुणी ओ दिलेली नाही.