डिशसमोर कोण उभं राहतं

भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. हे भर दुपारी घडलंय. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, मुलुंड पूर्वेला, एका सात मजली सोसायटीच्या गच्चीवर.

ज्याच्यावर बेतलं तो किरण माझा चुलतभाऊ. घाटकोपरला आमच्या समोरच्याच दारात राहतो. त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणी खोटं बोलायला तोंड उघडायच्या आधीच त्याचे कान लाल व्हायचे. सोसायटीचं नाव मात्र लिहिणार नाही. तिथल्या लोकांना उद्या फ्लॅट विकायचे असतील.

किरण एका इंटरनेट कंपनीत फील्डवर आहे. जिथे रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही, तिथे हे लोक नेट हवेतून आणतात. एका गच्चीवर एक डिश, लांबच्या दुसऱ्या गच्चीवर दुसरी. दोघींनी सतत एकमेकींकडे तोंड करून राहायचं. मधे काही आलं की लिंक पडली. झाड वाढलं तरी पडते. डिशच्या पुढ्यात माणूस उभा राहिला तरी पडते.

या सोसायटीची लिंक डिश बसवल्यापासून, म्हणजे दोन महिने, रोज दुपारी पडत होती.

पूर्ण बंद नाही. पडायची, उठायची, पडायची, उठायची. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा तेच. साकीनाक्याच्या ऑफिसात बसून सगळ्या लिंकवर नजर ठेवायचं काम प्रियंकाकडे आहे. ती कंटाळून गेली होती.

"किरण, तू जा यार एकदा. तिघं जाऊन आले. कुणाला काय मिळत नाय. तू तरी बघ."

किरण गेला.

वॉचमन दशरथकाकांनी गच्चीचं दार उघडून दिलं. काका कणकवलीकडचे, चार वर्षांपासून तिथे नोकरीला. किरणने उघडं कुलूप कडीवर न लटकवता खिशात टाकलं. या धंद्यातला प्रत्येक जण हेच करतो. गच्चीचं दार उघडं दिसलं की सोसायटीत कुणाचे ना कुणाचे हात शिवशिवतात आणि लटकलेलं कुलूप दाबून तो मोकळा होतो. आत कोण अडकलंय, हे बघायचं कुणाला सुचत नाही.

गच्ची रिकामी होती. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, आणि कोपऱ्यात लोखंडी खांबावर डिश. खांब कंपनीचा नव्हता. वायमॅक्स नावाच्या जुन्या वायरलेस नेटच्या काळात कुणा दुसऱ्या कंपनीने उभा केलेला. ती कंपनी गेली, वायमॅक्स गेलं, खांब राहिला. आपल्याकडे फुकटचा खांब कोण सोडतो?

किरणने डिशला मीटर लावला. छोटं यंत्र असतं. सिग्नल चांगला असेल तर टूंटूंटूं असं भरभर वाजतं. कमी झाला की सावकाश. गेला की गप्प.

भरभर वाजत होतं. सगळं ठीक.

त्याने डिशकडे पाठ केली आणि बॅगेतून पाना काढायला वाकला.

टूं... टूं...... टूं.........

गप्प.

त्याने वळून पाहिलं. डिशसमोर कुणीच नव्हतं. समोर नुसतं आभाळ. लांबवर दुसरी इमारत स्पष्ट दिसत होती.

आणि मीटर पुन्हा भरभर वाजायला लागला.

वायर सैल असेल, असं त्याला वाटलं. सगळ्या वायरी घट्ट केल्या. मोबाइल तासभर उन्हात कट्ट्यावर पडला होता, तो प्रियंकाला फोन लावायला उचलला. हाताला चटका बसला. स्क्रीन काळी. उन्हाने तापून बंद पडला होता. खाली जाऊनच बोलू म्हणून तो दाराशी आला.

दार उघडेना.

बाहेरून कडी लावलेली होती.

कुलूप त्याच्या खिशात होतं. जिन्यावर कुणाची पावलं वाजली नव्हती. कडीचा आवाज झाला नव्हता. पण कडी लागली होती, एवढं खरं.

त्याने दार ठोकलं. हाताने, मग पान्याने. "काका! ओ काका!" शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचा पाया चालला होता. त्या मशिनच्या दणक्यात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. सातवा मजला गळतीमुळे कधीच रिकामा झालेला. खाली वाकून पाहिलं तर एका बाजूला बांधकामाचे निळे पत्रे, दुसऱ्या बाजूला दाट झाडं. त्याने एक बूट खाली फेकला. तो पार्किंगच्या शेडवर पडला. कुणी वर पाहिलं नाही.

बाटली खाली बाइकला लटकलेली. टाकीच्या झाकणाला कुलूप. मोबाइल सावलीत ठेवला, तरी सुरू होईना.

ऊन वाढत होतं. घाम यायचा थांबला, तेव्हा किरण खरा घाबरला.

अंगातला शर्ट काढून खांबाला बांधू, लांबून तरी कुणाला दिसेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने खांबाच्या वरच्या टोकाला हात घातला.

तिथे आधीच एक गाठ होती...

कापडाची. उन्हापावसाने विरलेली, पण करकचून मारलेली. तिला शर्टाची एक बाही लोंबत होती.

किरणने हात मागे घेतला. स्वतःचा शर्ट त्याने तिथे बांधला नाही. का नाही, ते त्याला अजून सांगता येत नाही.

मग त्याला सुचलं. लिंक! प्रियंका लिंक बघतेय. आपण डिशसमोर उभं राहायचं, बाजूला व्हायचं, पुन्हा उभं राहायचं. मशीन असं करत नाही, माणूसच करतो. तिला कळेल.

तो डिशसमोर जाऊन उभा राहिला. मीटर गप्प. बाजूला झाला, टूंटूंटूं. पुन्हा उभा राहिला. पुन्हा बाजूला. दम लागला की टाकीच्या सावलीत बसायचं. मग पुन्हा उठायचं.

पडायची, उठायची, पडायची, उठायची. मग थोडा वेळ शांत.

करता करता तो मधेच थांबला.

हे तर तेच होतं. दोन महिने रोज दुपारी ऑफिसात दिसत होतं, तेच. तो फॉल्ट नव्हता. कुणीतरी इथे अडकलं होतं, डिशसमोर उभं राहून बोलावत होतं. आणि ऑफिसातून माणसं यायची, वायरी घट्ट करायची आणि जायची.

आता प्रियंकालाही तेच दिसणार होतं. रोजचंच. ती का म्हणून कुणाला पाठवेल?

किरण सांगतो, आयुष्यात तो एवढा एकटा कधी पडला नव्हता. आईच्या नावाने रडला. चौतिशीचा बाप्या, पण रडला.

डिशची वायरच उपटून लिंक पूर्ण बंद पाडावी, हे डोक्यात आलं तोवर पायातलं त्राण गेलं होतं. तो टाकीच्या सावलीत कोसळला. डिश पार पलीकडच्या कोपऱ्यात. मीटर तिथेच खांबाला लोंबकळत होता, भरभर वाजत होता.

डोळे मिटता मिटता त्याने ऐकलं...

टूं... टूं...... टूं.........

गप्प.

तो वाट पाहत राहिला. आता उठेल. आता वाजेल.

वाजलंच नाही.

डोळे किलकिले करून त्याने खांबाकडे पाहिलं. डिशसमोर कुणीही नव्हतं. पण तिथली हवा सोडून बाकी सगळीकडे उन्हाच्या झळा हलत होत्या. तेवढीच एक जागा स्थिर होती, माणसाच्या उंचीएवढी.

त्यानंतरचं त्याला आठवत नाही.

शुद्धीवर आला तो हॉस्पिटलमध्ये. हाताला सलाइन. शेजारी प्रियंका.

"वाचलास रे बाबा. बरं केलंस डिशसमोर गच्च उभा राहिलास ते. आधीचं वर-खाली मी रोजचंच समजले ना. पण मग लिंक जी पडली ती उठेचना. लोकांचे फोनवर फोन. तुझा मोबाइल बंद. मग मी वॉचमनला वर पाठवलं."

"मी नव्हतो उभा," किरण म्हणाला.

"मग?"

"मी पडलो होतो गं. टाकीपाशी."

प्रियंकाने खुर्ची जवळ ओढली. हळूच म्हणाली, "काकांनी दार उघडलं आणि त्याच क्षणी लिंक आली."

किरणने दशरथकाकांनाही विचारलं. कडी कुणी लावली होती? या गच्चीवर कुणी दगावलंय का?

"माझ्या येळेक तरी हय कोण मेलेलो नाय," काका म्हणाले. "त्याच्या आधीचा माका म्हायत नाय. आणि कडी मी लावलंय नाय, आईशपथ."

कंपनीने काय केलं असेल? डिश शेजारच्या इमारतीवर हलवायची ठरवली. फॉल्ट सापडत नाही ना, मग जागाच बदला. आणि डिश उतरवायला कुणाला पाठवलं? किरणलाच. त्याला गच्ची माहीत आहे, म्हणे.

नोकरी आहे. गेला. या वेळी त्याने दाराला वीट लावली, आणि काकांना उंबऱ्यावर बसवलं. दुपारच होती. डिश उतरवण्याआधी त्याने मीटर लावला.

टूं... टूं...... गप्प. टूंटूंटूं. गप्प. टूंटूंटूं. गप्प.

त्याला भीती वाटली नाही, असं तो म्हणतो. वाईट वाटलं. आपल्यासाठी हा हूं की चूं न करता उभा राहिला. त्याच्यासाठी आजवर कुणी आलं नाही.

"दार उघडं आहे," किरण मोठ्याने म्हणाला. "ये. जा खाली."

मीटर भरभर वाजायला लागला. डिशसमोरची जागा मोकळी झाली होती.

उंबऱ्यावर बसलेले काका एकदम अंग चोरून भिंतीला चिकटले. कुणाला तरी वाट द्यावी तसे.

किरण मीटरकडे कान लावून होता. जाऊ दे. देवा, जाऊ दे त्याला.

टूं... टूं...... टूं.........

गप्प.

परत आला होता. दार सताड उघडं होतं, तरी त्याला बाहेर पडता आलं नव्हतं.

काकांनी हात जोडले.  मग ऑफिसातून फोन आला, काम झालं का? किरणने पाना उचलला. बोल्ट सैल करताना मीटर एकसारखा पडत-उठत होता, आधी कधी नव्हता एवढा भराभर. वायर काढली, तेव्हा थांबला.

नवीन इमारतीवरून लिंक झकास चालते. एकदाही पडली नाही. सोसायटीवाले खूश, ऑफिस खूश.

किरणने बदली मागून घेतली. हल्ली त्याचं काम बोरिवलीकडे असतं. रोज दुपारी जेवायचा डबा उघडण्याआधी दशरथकाकांना फोन करतो आणि एवढंच विचारतो, वरचं दार उघडं आहे ना? काका हो म्हणतात. मग तो जेवतो.

या गणपतीला काका नोकरी सोडून कायमचे गावी चाललेत. दार उघडं ठेवायला दुसरं कुणी तयार नाही. किरणने सेक्रेटरींना विनवून पाहिलं. पोरं वर जातात, कुलूप लागणारच, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

परवा जेवताना किरणने मला विचारलं, "त्याच्याकडे हाक मारायला तेवढी एक डिश होती रे. आता तो काय करत असेल?"

 त्या रात्री आम्ही दोघंही नीट झोपलो नाही.