उसातला आवाज

राहू गावच्या रस्त्याला, भर दुपारी, उसातून गुरगुर आली… आणि अपेक्षाची स्कूटी जागीच थबकली. बिबट्याच! तिनं जेवणाचा डबा काढला आणि पान्यानं बडवायला सुरुवात केली.

ऊस सळसळला. बाहेर आला लांब केसांचा, काळ्या टी-शर्टातला तरुण… दोन्ही हात वर!

"अहो, माणूस आहे मी! रियाज करतोय."

"ह्याला गाणं म्हंत्यात व्हय?"

तो खळखळून हसला. अपेक्षाच्या काळजात उगाचच धडधडलं.

हा सत्यजीत. राहू त्याचं आजोळ. पुण्याच्या 'वज्रनाद' या गाजलेल्या मेटल बँडमध्ये तो दहा वर्षं गायला. आता स्वतःची गाणी गायची म्हणून बँड सोडला होता. रविवारी दौंडला एकट्याचा पहिलाच कार्यक्रम.

"फ्लॅटमध्ये ओरडलो की शेजारी भांडायला येतात…"

"मग खुटबावला या. आमच्या ठिबकच्या दुकानामागं गोडाऊन हाय. हितं तरी लोकांचा जीव घेऊ नका!"

तो आला. रोज दुपारी. पहिल्या दिवशी अपेक्षानं कानांत बोटं घातली. तिसऱ्या दिवशी मात्र ती पाइपांच्या वेटोळ्यावर बसून राहिली, गिऱ्हाईक विसरून.

"ह्या गाण्यात राग न्हाई… रडू हाय," ती हळूच म्हणाली.

सत्यजीत तिच्याकडे बघतच राहिला. "हे आजवर कुणी ओळखलं नाही."

रविवारी संध्याकाळी दौंडचा हॉल गच्च भरला. पण तो माइकपुढं येताच पोरं ओरडायला लागली, "वज्रनाद! वज्रनाद!" जुनीच गाणी हवी होती त्यांना. सत्यजीत पांढराफटक पडला. गिटारवाला थांबला…

अपेक्षा खुर्चीवर चढली. "आरं, नवं ऐका की आधी! न्हाई आवडलं तर मग बोंबला!"

हॉल हसला, मग गप्प झाला. सत्यजीतनं डोळे मिटले आणि असा सूर फोडला की अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्याला सगळा हॉल उभा होता, माना घुसळत, नाचत!

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागं भेटला. घामानं निथळत होता, घसा पार बसला होता.

"अपेक्षा…"

"बोलू नका. आवाज जपा."

"हे बोलायचंच आहे," तो कसाबसा कुजबुजला. "तू मला आवडतेस. फार."

तिचे कान तापले. शब्द न् शब्द पोचला होता. तरी ती एक पाऊल पुढं सरकली, अगदी जवळ—

"ऐकू न्हाई आलं… परत म्हण की रे."